लायसिनची बॅच अर्ध्यातच का बसते? आधी कार्बनचा जमाखर्च, मग जनुकं

तक्रार नेहमीची आहे. लायसिन हे अमिनो आम्ल जिवाणूंकडून बनवून घेताना स्ट्रेन (जिवाणूचा वाण) तोच, माध्यम तेच, फ्लास्कमध्ये लायसिन छान येतं. फर्मेंटरमध्येही (जिवाणू वाढवायच्या टाकीत) पहिले काही तास सगळं सुरळीत चालतं. मग साखर संपत राहते, पण लायसिनचा आलेख आडवा होतो. पुढची बॅच जरा बरी जाते, त्याच्या पुढची पुन्हा बसते. अशा वेळी निष्कर्ष लगेच काढला जातो: स्ट्रेन बिघडला. मग आणखी एखादं जनुक वाढवायचा किंवा काढून टाकायचा बेत ठरतो, त्यात कित्येक महिने जातात आणि नवा स्ट्रेनही फर्मेंटरमध्ये तसाच बसतो.

माझं सांगणं एवढंच आहे की जनुकांना हात लावण्याआधी कार्बनचा जमाखर्च मांडा. जिवाणूने घेतलेली साखर नाहीशी होत नाही. लायसिनमध्ये नसेल तर ती पेशींमध्ये, कार्बन डायऑक्साइडमध्ये, लॅक्टेटमध्ये, ग्लुटामेट या दुसऱ्या अमिनो आम्लात किंवा ट्रेहॅलोज या साखरेत असते. ती नेमकी कुठे सापडते त्यावरून दोष कुठला आहे हे बहुतेक वेळा कळतं.

खालचं सगळं कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकमबद्दल आहे. जपानमध्ये क्योवा हाक्को कंपनीत किनोशिता आणि सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात शोधलेला हा जिवाणू आजही ग्लुटामेट आणि लायसिनच्या उद्योगाचा कणा आहे. ई. कोलायवर काम करणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे.

वाट डोळ्यांसमोर ठेवा

ग्लुकोजपासून पायरुव्हेट होतं. पायरुव्हेट कार्बोक्झिलेज हे एन्झाइम त्याला कार्बन डायऑक्साइड जोडून ऑक्झॅलोॲसिटेट बनवतं. त्याचं ॲस्पार्टेट होतं आणि ॲस्पार्टोकायनेज (जनुक लायस-सी) त्याला पुढे ढकलतं. ॲस्पार्टेट सेमिअल्डिहाइडपाशी वाट फुटते. होमोसेरिन डिहायड्रोजनेज (जनुक होम) त्याला थ्रिओनिन आणि मेथिओनिनकडे नेतं, डॅप-ए जनुकाचं एन्झाइम त्याला लायसिनकडे नेतं. तयार झालेलं लायसिन लायस-ई हा वाहक पेशीबाहेर टाकतो. नैसर्गिक ॲस्पार्टोकायनेजवर लायसिन आणि थ्रिओनिन दोघं मिळून ब्रेक लावतात. एकट्यादुकट्याचा परिणाम फारच कमी असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे निम्मे प्रश्न सोपे होतात.

आणखी एक आकडा पाठ असू द्या: ऑक्झॅलोॲसिटेटपासून लायसिनचा एक रेणू घडवायला एनएडीपीएचचे (पेशीत क्षपणासाठी इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) 4 रेणू लागतात. ते मुख्यतः पेंटोज फॉस्फेट मार्गातून (ग्लुकोज मोडण्याची पेशीतली एक वाट) येतात.

घट खरी आहे का, हे आधी ठरवा

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो टाळतात, आणि नेमके इथेच फसतात.

पहिली तपासणी एककाची. तुमचा आकडा लायसिनचा आहे की लायसिन हायड्रोक्लोराइडचा? लायसिनचा रेणुभार 146.2, हायड्रोक्लोराइडचा 182.65. म्हणजे लिटरमागे 50 ग्रॅम हायड्रोक्लोराइड म्हणजे फक्त 40 ग्रॅम लायसिन. फ्लास्कचे आकडे एकाने मोजले, फर्मेंटरचे दुसऱ्याने, आणि स्टँडर्डच्या बाटलीवर काय लिहिलंय ते कोणी पाहिलं नाही, तर 20 टक्क्यांची ‘घट’ कागदावरच तयार होते.

दुसरी तपासणी आकारमानाची. फेड-बॅचमध्ये (बॅच चालू असताना साखर थोडी थोडी देत राहण्याची पद्धत) फीडमुळे द्रव वाढतो. 2 लिटरमध्ये लिटरमागे 40 ग्रॅम असताना एकूण लायसिन 80 ग्रॅम असतं. काही तासांनी 3 लिटरमध्ये लिटरमागे 30 ग्रॅम दिसलं तर आलेख खाली आलेला असतो, पण एकूण लायसिन 90 ग्रॅम झालेलं असतं. आलेख नेहमी एकूण ग्रॅमचा काढा. फ्लास्कमध्ये याच्या उलट होतं. तीन-चार दिवस हलत राहिलेल्या फ्लास्कमधलं पाणी उडतं आणि लायसिन उगाच जास्त दिसतं. फ्लास्कचं सुरुवातीचं आणि शेवटचं वजन लिहून ठेवलं की हा घोळ मिटतो.

तिसरी तपासणी पद्धतीची. अमिनो आम्लांना रंग देणाऱ्या निनहायड्रिनने मोजत असाल तर अमोनियमही रंग देतं हे विसरू नका. शून्य तासाचं माध्यम ब्लँक म्हणून वजा केलं तरी भागत नाही, कारण अमोनियम बॅचभर कमी-जास्त होत राहतं आणि ब्लँक मात्र तोच राहतो. एचपीएलसीवर (पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) अमिनो आम्लांना चमकवणारं ओपीए वापरत असाल तर लायसिनचा प्रकाश क्षीण असतो आणि प्रोलिन तर दिसतच नाही. म्हणून कोणत्याही पद्धतीत एक काम जरूर करा: बॅचच्या शेवटच्या नमुन्यात माहीत असलेलं लायसिन मिसळा आणि तेवढंच परत मिळतं का ते पाहा. मिळालं नाही, तर आधी मोजणी दुरुस्त करा.

फ्लास्कमध्ये कॅल्शियम कार्बोनेट घालत असाल तर ओडी (द्रवाचा गढूळपणा, ज्यावरून पेशी मोजतात) वाचण्याआधी नमुना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा. नाहीतर खडूची पूड पेशी म्हणून मोजली जाते आणि ‘पेशीमागे लायसिन’ हा आकडा निरर्थक होतो.

जमाखर्च कसा मांडायचा

ग्लुकोजमध्ये वजनाच्या 40 टक्के कार्बन असतो, लायसिनमध्ये सुमारे 49, ग्लुटामिक आम्लात 41, लॅक्टिक आम्लात 40, ट्रेहॅलोजमध्ये 42, कोरड्या पेशींमध्ये साधारण निम्मा आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये 27.

बॅचच्या दोन वेळा निवडा, एक आलेख चढता असतानाची आणि दुसरी तो आडवा झाल्यानंतरची. दोन्ही टप्प्यांत किती साखर गेली आणि प्रत्येक पदार्थ किती वाढला, हे कार्बनच्या ग्रॅममध्ये लिहा. संपूर्ण बॅचचा एकच हिशेब करू नका. चांगल्या तासांची कमाई वाईट तासांवर पांघरूण घालते आणि दोष दिसत नाही. बाहेर जाणाऱ्या वायूचं मोजमाप करणारं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर बाकी सगळं मोजून जे उरेल ते कार्बन डायऑक्साइड धरा. हा अंदाज ढोबळ असतो, तरी उपयोगी पडतो.

तुलनेसाठी एक टोक माहीत असावं. जर्मनीत ब्राउनश्वाइग इथे बेकर, विटमन आणि सहकाऱ्यांनी 2011 साली जंगली स्ट्रेनपासून सुरुवात करून जनुकसंचात ठरवून 12 बदल केले. त्या लायस-12 नावाच्या स्ट्रेनने ग्लुकोजच्या ग्रॅममागे 0.55 ग्रॅम, लिटरमागे 120 ग्रॅम आणि तासाला लिटरमागे 4 ग्रॅम असं उत्पादन दिलं. तुमचा स्ट्रेन तिथे पोचायलाच हवा असं नाही. पण चढत्या टप्प्यात तुमचा आकडा याच्या जवळपास असेल आणि नंतर पार कोसळत असेल, तर जनुकांची बांधणी ठीक आहे, बिघाड बॅचच्या परिस्थितीत आहे.

कार्बन पेशींमध्ये सापडला

ओडी अपेक्षेपेक्षा वर गेला आणि लायसिन थांबलं, तर तीन शक्यता आहेत.

जुन्या पद्धतीच्या स्ट्रेनमध्ये होम जनुक बंद असतं. त्यामुळे पेशींना थ्रिओनिन आणि मेथिओनिन बाहेरून द्यावं लागतं. ते मोजून दिलं की वाढ ठरावीक जागी थांबते, थ्रिओनिन संपतं, ॲस्पार्टोकायनेजवरचा ब्रेक सुटतो आणि कार्बन लायसिनकडे वळतो. सगळी करामत या मोजण्यात आहे. तुम्ही यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, कॉर्न स्टीप लिकर किंवा सोयाचं हायड्रोलायझेट वापरत असाल तर त्यातलं थ्रिओनिन लॉटगणिक बदलतं. नवा लॉट ‘चांगला’ निघाला की पेशी जास्त वाढतात आणि ब्रेक लागलेलाच राहतो. कच्च्या मालाच्या लॉटच्या तारखा आणि बसलेल्या बॅचच्या तारखा शेजारी-शेजारी लिहून पाहा. जुळल्या तर दुसरा संशयित शोधायची गरज नाही.

दुसरी शक्यता उलट उत्परिवर्तनाची. होममधला बदल एका अक्षराचा असेल तर एखादी पेशी परत मूळ पदावर येते, तिला बाहेरून थ्रिओनिन लागत नाही, ती झपाट्याने वाढते आणि लायसिन बनवत नाही. तपासणी स्वस्त आहे. बॅचच्या शेवटच्या पेशी सलाइनने दोनदा धुवा. थ्रिओनिन-मेथिओनिन असलेल्या आणि नसलेल्या मिनिमल (फक्त मूलभूत पोषकं असलेल्या) प्लेटवर पातळ करून पसरा आणि कॉलन्या मोजा. नसलेल्या प्लेटवर दहातल्या एखाद्या पेशीनेही कॉलनी धरली असेल तर उत्तर मिळालं. तीच तपासणी सीडच्या (फर्मेंटर सुरू करायला घातलेल्या) पेशींवरही करा, म्हणजे गडबड फर्मेंटरमध्ये झाली की आधीच होती ते कळेल.

तिसरी शक्यता प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं कडं, ज्यावर उत्पादनाची जनुकं घालतात) गळण्याची, आणि याकडे मी सगळ्यात आधी पाहतो. कारण गणितात आहे. 1 मिलिलिटरच्या वायलपासून (गोठवलेल्या कल्चरची कुपी) 50 हजार लिटरपर्यंत जायचं म्हणजे 5 कोटी पट वाढ. घनता तीच राहिली असं धरलं तरी पेशींना 25-26 वेळा दुप्पट व्हावं लागतं. आता समजा, दर पिढीत 1 टक्का पेशी प्लाझ्मिड गमावतात आणि प्लाझ्मिड नसलेली पेशी 20 टक्के वेगाने वाढते. 25 पिढ्यांनंतर सुमारे 70 टक्के पेशी प्लाझ्मिडविना असतात. फ्लास्कमध्ये पिढ्या कमी आणि कॅनामायसिन (प्लाझ्मिड नसलेल्या पेशींना रोखणारं प्रतिजैविक) पूर्ण, म्हणून तिथे काहीच जाणवत नाही. मोठ्या टाकीत प्रतिजैविक घालणं परवडत नाही आणि योग्यही नाही. बॅचच्या शेवटी कॅनामायसिन असलेल्या व नसलेल्या प्लेटवर रेप्लिका प्लेटिंग (त्याच कॉलन्यांचा दोन्हींवर ठसा) करा. फरक दिसला तर जनुक गुणसूत्रात बसवणं हाच खरा उपाय आहे, प्रतिजैविकाची मात्रा वाढवणं नव्हे.

तेच गणित उलट उत्परिवर्तनाला लावलं तर चित्र वेगळं दिसतं. तिथे सुरुवातीला दहा लाखांत एखादीच पेशी फिरलेली असते आणि नव्या पेशी क्वचितच फिरतात. तिचा वेगही 20 टक्के जास्त धरला, तर तिचं प्रमाण दर पाच पिढ्यांत दुप्पट होतं. 25 पिढ्यांत ते जेमतेम 32 पट होईल, म्हणजे तरीही नगण्य. तिला निम्मी टाकी बळकावायला साधारण 100 पिढ्या लागतात. इतक्या पिढ्या एका बॅचमध्ये येत नाहीत, त्या स्लँटवरून स्लँटवर (नळीतल्या तिरक्या घट्ट माध्यमावर) वर्षभर नेलेल्या कल्चरमध्ये येतात. म्हणून उलट उत्परिवर्तन सापडलं की फर्मेंटर तपासत बसू नका, फ्रिज उघडा.

गुणसूत्रातला बदल पीके19मॉबसॅकबी या प्लाझ्मिडने केला असेल तर एक जुनीच गल्लत तपासा. दुसऱ्या क्रॉसओव्हरनंतर (ज्या अदलाबदलीत प्लाझ्मिड गुणसूत्रातून बाहेर पडतं) सुक्रोजवर वाढणाऱ्या आणि कॅनामायसिनला बळी पडणाऱ्या कॉलन्यांपैकी साधारण निम्म्या मूळ रूपात परतलेल्या असतात. पीसीआर न करता त्यातली एक उचलली असेल, तर तुम्ही जो स्ट्रेन चालवताय तो मुळात बदललेलाच नाही.

कार्बन लॅक्टेटमध्ये सापडला

ऑक्सिजन कमी पडतोय. कोरिनेबॅक्टेरियमला ऑक्सिजन मिळाला नाही की तो लॅक्टेट आणि थोडं सक्सिनेट बाहेर टाकतो. ऑक्सिजन परत मिळाला की तेच लॅक्टेट खाऊनही टाकतो, म्हणून शेवटच्या नमुन्यात ते दिसेलच असं नाही. मधले नमुने पाहा.

इथे अमोनियाच्या पंपाचा आलेख फार कामाचा आहे. लायसिन बनताना दोन अमोनियम आत जातात आणि एक धनभारित लायसिन बाहेर येतं. फरकाचा प्रोटॉन माध्यमात उरतो, म्हणून पीएच धरून ठेवायला अमोनिया लागत राहतो. साखर जात असताना पंप मंदावला, तर लायसिन थांबलं असा त्याचा अर्थ. पंप वाढला आणि डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) तळाला चिकटलेला असेल, तर तो अमोनिया लॅक्टिक आम्लावर खर्च होतोय. एचपीएलसीचा निकाल दुसऱ्या दिवशी येतो, पंप त्याच तासाला सांगतो.

उपाय साधे आहेत: ढवळण्याचा वेग, हवा, गरज पडल्यास शुद्ध ऑक्सिजन, आणि सगळ्यांत परिणामकारक म्हणजे फीडचा वेग कमी करणं. फेसरोधक सढळ हाताने घालण्याची सवय असेल तर ती मोडा. त्याने बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि ऑक्सिजन विरघळण्याचा वेग पडतो. फ्लास्कच्या पातळीवर 500 मिलिलिटरच्या खाचांच्या फ्लास्कमध्ये 50 मिलिलिटरपेक्षा जास्त माध्यम भरू नका.

कार्बन ग्लुटामेटमध्ये सापडला

हे दिसलं की मी थेट बायोटिन या जीवनसत्त्वाकडे जातो. हा जिवाणू बायोटिन स्वतः बनवू शकत नाही. बायोटिन कमी पडलं की पेशीचं आवरण बदलतं, केटोग्लुटारेट डिहायड्रोजनेजची क्रिया मंदावते आणि ग्लुटामेट बाहेर वाहू लागतं. ग्लुटामेटचा सगळा उद्योग याच गुणावर उभा आहे. लायसिनवाल्यांसाठी मात्र हे दुहेरी नुकसान आहे, कारण पायरुव्हेट कार्बोक्झिलेजलाही बायोटिन लागतं. म्हणजे ऑक्झॅलोॲसिटेटचा पुरवठा आटतो आणि जे बनतं तेही चुकीच्या दाराने बाहेर जातं.

असं सहसा माध्यम बदलल्यावर होतं. उसाच्या मळीत बायोटिन भरपूर असतं, बीटच्या मळीत त्यामानाने फार कमी. मळीवरून शुद्ध ग्लुकोजवर आलात आणि बायोटिनची मात्रा तीच ठेवली, तर पेशी सीडमधून आणलेल्या साठ्यावर काही पिढ्या वाढतात आणि मग कोरड्या पडतात. अर्ध्यात बसणाऱ्या बॅचचं हे अगदी नमुनेदार रूप आहे. सीजीएक्स-2 या नेहमीच्या माध्यमात लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम बायोटिन असतं, पण ते फ्लास्कमधल्या पेशींच्या संख्येसाठी ठीक आहे. फेड-बॅचमध्ये पेशी कित्येक पट होणार असतील तर बायोटिन फीडमध्येही हवं. तपासणीसाठी लायसिन थांबलेल्या टाकीतून थोडा द्रव दोन फ्लास्कमध्ये घ्या, एकात बायोटिन घाला, दुसऱ्यात नको. काही तासांत ग्लुटामेटचा वेग वेगळा झाला तर शंका उरत नाही.

ट्वीनचे डिटर्जंट आणि पेनिसिलिन यांनीही ग्लुटामेट गळतं. धुतलेल्या टाकीत डिटर्जंट उरलेला नाही ना, हेही एकदा बघा.

कार्बन नुसता हवेत गेला

ओडी ठीक, उपउत्पादनं नाहीत, साखर मात्र कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातेय. इथे प्रश्न एनएडीपीएचचा किंवा ऑक्झॅलोॲसिटेटचा असतो, आणि जनुकांचं काम खऱ्या अर्थाने इथेच सुरू होतं.

त्याआधी साखर कोणती ते बघा. महाराष्ट्रात मळी हाताशी आहे म्हणून आपल्याकडच्या अनेकांचा पहिला प्रयत्न मळीवर असतो. तिच्यात सुक्रोजबरोबर मोकळं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. सुक्रोज आत गेल्यावर त्यातला फ्रुक्टोजचा अर्धा भाग हा जिवाणू वापरू शकत नाही, कारण त्याच्याकडे फ्रुक्टोकायनेज नाही. तो फ्रुक्टोज बाहेर टाकतो आणि वेगळ्या वाहकाने परत आत घेतो. हा वाहक त्याला फ्रुक्टोज-1-फॉस्फेट बनवतो, जे फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेटच्या पायरीवर ग्लायकोलिसिसला मिळतं. पेंटोज फॉस्फेट मार्गाचं तोंड त्याच्या वर, ग्लुकोज-6-फॉस्फेटपाशी आहे. तिथे परत चढायला फ्रुक्टोज बिसफॉस्फेटेज हवं आणि त्याची क्रिया मुळात तोकडी असते. परिणामी फ्रुक्टोजवर एनएडीपीएच कमी बनतं आणि लायसिनचा उतारा (साखरेच्या ग्रॅममागे मिळणारं लायसिन) ग्लुकोजपेक्षा खाली येतो.

आता बॅच अर्ध्यात का बसते ते जुळवा. मिश्र साखरेत ग्लुकोज आणि सुक्रोज संपत आले की शेवटच्या तासांत उरतं ते मुख्यतः फ्रुक्टोज. ‘एकूण साखर’ असा एकच आकडा मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तिन्ही साखरा वेगळ्या मोजा. मळी किती महिने साठवलेली आहे तेही नोंदवा, कारण साठवणीत तिच्यातली साखर अमिनो संयुगांशी अभिक्रिया होऊन घटत जाते आणि गडद, वाईट घटक वाढतात.

उपाय दोन्ही बाजूंनी आहेत. फीडमध्ये शुद्ध ग्लुकोज ठेवून मळी फक्त सुरुवातीच्या वाढीला वापरा. नाहीतर स्ट्रेनमध्ये फ्रुक्टोज बिसफॉस्फेटेज (जनुक एफबीपी) बळकट करा किंवा बाहेरचं फ्रुक्टोकायनेज आणा. माझा कल आधी फीड बदलून पाहण्याकडे असतो. त्याने उतारा सुधारला तर जनुक बदलायचं नेमकं कारण हातात येतं.

ग्लुकोजवरही उतारा कमी असेल तर ओळखीच्या जागा तपासा. क्योवा हाक्कोच्या गटाने 2002 मध्ये, जुन्या उत्पादक स्ट्रेनमधले बदल वाचून, स्वच्छ जंगली स्ट्रेनमध्ये फक्त तीन आणले: ॲस्पार्टोकायनेजमध्ये 311व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन, होमोसेरिन डिहायड्रोजनेजमध्ये 59व्या जागी व्हॅलिनऐवजी ॲलॅनिन आणि पायरुव्हेट कार्बोक्झिलेजमध्ये 458व्या जागी प्रोलिनऐवजी सेरिन. तेवढ्यावर लिटरमागे सुमारे 80 ग्रॅम लायसिन मिळालं. तुमच्या बसलेल्या बॅचच्या पेशींमधून या तीन जनुकांचं सीक्वेन्सिंग करून घ्या. एका दुपारचं काम आहे आणि ‘स्ट्रेन बिघडला’ या वाक्याला पुरावा तरी मिळतो.

होमचा तो 59व्या जागेचा बदल मला विशेष मोलाचा वाटतो. तो एन्झाइम पूर्ण बंद करत नाही, मंद करतो. पेशी स्वतःपुरतं थ्रिओनिन कशीबशी बनवते, बाहेरून द्यावं लागत नाही, लॉटची चिंता मिटते आणि मूळ पदावर आलेल्या पेशीला मिळणारा फायदाही घटतो. होम पूर्ण बंद असलेला जुना स्ट्रेन चालवत असाल आणि त्रास वारंवार होत असेल, तर बदल करायची पहिली जागा हीच.

नायट्रोजन: न बोलला जाणारा संशयित

लायसिनमध्ये 19 टक्के नायट्रोजन आहे. 40 ग्रॅम लायसिनसाठी फक्त अमोनियम सल्फेट वापरलं तर ते 36 ग्रॅम लागेल. सीजीएक्स-2 माध्यमात लिटरमागे 20 ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि 5 ग्रॅम युरिया असतो, म्हणजे एकूण साडेसहा ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन. तो सगळाच्या सगळा लायसिनमध्ये गेला तरी 34 ग्रॅमच्या वर जाता येत नाही, आणि पेशींनाही वाटा द्यावाच लागतो. फ्लास्कमध्ये साखर दुप्पट केली आणि लायसिन वाढलं नाही, अशी तक्रार असेल तर हे गणित आधी करा.

नायट्रोजन पूर्ण संपण्याआधीच परिणाम सुरू होतो. या जिवाणूत लायसिनच्या शेवटच्या टप्प्याला दोन वाटा आहेत. डायअमिनोपिमेलेट डिहायड्रोजनेजची छोटी वाट अमोनियम मुबलक असेल तरच चालते. ते कमी झालं की कार्बन लांबच्या, सक्सिनिल जोडून जाणाऱ्या वाटेने जातो. अमोनियाचा पंप फक्त पीएचच्या हुकमावर चालत असेल आणि पीएच दुसऱ्याच कारणाने वर राहत असेल, तर पेशी उपाशी राहतात आणि पडद्यावर पीएच अगदी छान दिसतो. दर काही तासांनी अमोनियम स्वतंत्रपणे मोजा. दुसरं टोकही वाईट आहे: अमोनियम सल्फेट एकदम ओतलं तर क्षारांचा दाब वाढतो आणि पेशी ट्रेहॅलोज व प्रोलिन साठवू लागतात. हिशेबात ट्रेहॅलोज वाढलेलं दिसलं तर हेच कारण धरा, सल्फेट फीडमधून हळूहळू द्या आणि माध्यमात थोडं बीटेन (पेशींना क्षारांच्या दाबापासून वाचवणारं संयुग) घालून पाहा.

ई. कोलायवाल्यांसाठी

थ्रिओनिन किंवा ट्रिप्टोफॅन ई. कोलायमध्ये बनवत असाल तर हरवलेला कार्बन पहिल्यांदा ॲसिटेटमध्ये शोधा. ऑक्सिजन पुरेसा असतानाही साखर जास्त वेगाने मिळाली की ते बनतं. फीड वाढीच्या वेगाला बांधून द्या आणि साखर टाकीत साचू देऊ नका. ई. कोलायमध्ये उड्या मारणारे आयएस घटक (डीएनएचे तुकडे) उत्पादनाची जनुकं मोडतात, म्हणून इथे पीसीआरच्या पट्टीची लांबीही बघा, नुसतं ‘पट्टी आली’ एवढ्यावर थांबू नका. आणि ओडी अचानक पडला, फेस वर आला, डीओ एकदम चढला, तर तो फाज (जिवाणूंना मारणारा विषाणू) आहे. टाकी निर्जंतुक करूनच रिकामी करा.

बँक आणि शेजारी-शेजारी चाचणी

शंका स्ट्रेनवर येऊन थांबली तर एक चाचणी निर्णायक ठरते. सुरुवातीची, उणे 80 अंशांवरची ग्लिसरॉल वायल आणि सध्या वापरात असलेलं कल्चर, दोन्ही एकाच दिवशी, एकाच माध्यमाच्या लॉटमध्ये, शेजारच्या दोन फर्मेंटरमध्ये चालवा. दोन्ही सारखेच बसले तर स्ट्रेन निर्दोष आहे. वर सांगितलेल्या बाकीच्या जागांकडे परत जा. जुनी वायल तरली आणि चालू कल्चर बसलं, तर चालू कल्चरच्या कॉलन्या सीक्वेन्स करा आणि फ्रिजमधले स्लँट टाकून द्या.

बँक दोन पातळ्यांवर ठेवा. एका तपासलेल्या कॉलनीपासून मूळ बँक करा. तिच्या एका वायलपासून पुढची कामाची बँक करा. प्रत्येक बॅच कामाच्या बँकेतल्या नव्या वायलने सुरू होते आणि उरलेली वायल परत गोठवली जात नाही. मूळ स्ट्रेनची एक प्रत बाहेरही असावी. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि चंडीगडचा एमटीसीसी हे आपल्याकडचे दोन मोठे संग्रह आहेत. संदर्भ स्ट्रेन तिथून नव्याने मागवता येतात.

नवी कामाची बँक वापरायला घेण्याआधी तिच्या तीन वायली काढा आणि प्रत्येकीवर थ्रिओनिनविना प्लेट, प्रतिजैविकाची प्लेट आणि एका फ्लास्कमधला लायसिनचा उतारा असं तपासा. तिन्ही जुळल्या तरच लेबलवर तारीख घाला.